आघाताची नोंद

ढोल, ताशा आणि संबळ ही वाद्ये मोकळ्या मैदानासाठी व देवळाच्या प्रांगणासाठी घडलेली आहेत. त्यांचा नाद दूरवर पोचावा, हाच त्यांच्या रचनेमागील हेतू होय. परंतु पनवेल तालुक्यातील बेलपाडा गावाभोवती आता खारघरच्या उंच इमारती उभ्या आहेत; १७ नोव्हेंबर २०२३ पासून मेट्रोगाडीही तेथे थांबू लागली. जेथे दोन घरांत एकच भिंत असते, तेथे रात्री ढोल वाजविणे म्हणजे शेजाऱ्यांची झोप मोडणे होय. अशा ठिकाणच्या होतकरू वादकाला विजेवर चालणाऱ्या तालवाद्याने मोठा आधार दिला आहे.

हळदीच्या गाण्यांच्या वाद्यवृंदात दिसणारा ऑक्टोपॅड हे या वाद्याचेच एक रूप. त्यावर चामडे नसते; रबराचे आठ चौकोन असतात. अशा बहुतेक वाद्यांत रबराखाली एक विशिष्ट चकती बसविलेली असते. तिच्यावर दाब पडला की सूक्ष्म वीज निर्माण होते. काही स्फटिकांचा हा गुणधर्म १८८० मध्ये पिएर व झाक क्यूरी या फ्रेंच बंधूंनी शोधून काढला. आघात जितका जोरकस, तितकी वीज अधिक. यंत्र ती मोजते आणि साठवून ठेवलेला ध्वनी त्या प्रमाणात उमटविते. वादकाने हेडफोन लावला, तर तो ध्वनी त्यालाच ऐकू येतो. बाहेर काठीची हलकी टकटक तेवढी उरते.

या वाद्याच्या ध्वनिमुद्रणास मायक्रोफोन लागत नाही. वाद्य तारेने संगणकास जोडले की पुरते. मुद्रणाचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात ध्वनीच साठविला जातो. दुसऱ्यात केवळ आघाताची नोंद होते : कोणता चौकोन, कोणता क्षण, किती जोर. १९८३ पासून प्रचारात आलेल्या मिडी या संकेतपद्धतीत हा जोर १ ते १२७ अशा अंकांत लिहिला जातो. त्यामुळे तीच नोंद पुढे ढोलकीच्या नादात ऐकता येते, तशीच ताशाच्या नादातही.

अशा नोंदीतील चुकलेला आघात संगणक क्षणार्धात नेमक्या मात्रेवर आणून बसवितो. येथेच वादकाची परीक्षा असते. यंत्राचा काटेकोर ठेका स्वतः वाईट नव्हे. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये तालयंत्राच्या ठेक्यावर दहा राग वाजवून ध्वनिमुद्रित केले. त्यांची ध्वनिमुद्रिका तेव्हा फारशी गाजली नाही. परंतु २०१० मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर देशोदेशीच्या रसिकांनी तिचे कौतुक केले. तेथे तो ठेका विचारपूर्वक निवडलेला होता. हाताने वाजविलेल्या ढोलकीची गोष्ट निराळी. तिच्यातला एखादा बोल किंचित मागे रेंगाळतो, एखादा पुढे झेपावतो, आणि त्यातूनच नर्तकीच्या पावलांना चैतन्य मिळते. सारे आघात एका रेषेत बसविले, तर चुकांबरोबर हे चैतन्यही नाहीसे होते.

म्हणून जाणता वादक प्रथम आपली नोंद डोळे मिटून ऐकतो. जो आघात कानाला खटकतो, तोच तो पुन्हा वाजवितो. बाकीचे तसेच राहू देतो. कोणती चूक आणि कोणती लकब, हे ओळखणारा कान रोजच्या रियाजानेच तयार होतो.