सोडतीपूर्वीचे मनोराज्य
अभ्यासपाठ : लूक १२:१३-२१

हिंगणघाट तालुक्यातील वडनेर हे गाव नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. भोवती काळी जमीन. तीत कपाशी, तूर व सोयाबीन. पाऊस लांबला किंवा भाव पडला म्हणजे वर्षाची कमाई जाते, आणि बी-बियाण्यासाठी काढलेले कर्ज मात्र उभेच राहते. अशा घरचा कर्ता लॉटरीचे तिकीट घेतो, व सोडतीच्या दिवसापर्यंत मनातल्या मनात मांडे खातो : सावकाराचे देणे फेडू, विहीर खोदू, मुलीचे लग्न करू, उरले त्यातून उपासनामंदिरावर नवे पत्रे घालू. या मनोराज्याविषयी आपण काय समजावे, याचा विचार करू.

१. प्रथम हिशेब पाहू. महाराष्ट्र सरकारने १९६९ साली स्वतःची लॉटरी सुरू केली. तेव्हा असे तिकीट घेणे हा कायद्याने गुन्हा नव्हे. परंतु एक लाख तिकिटांत मोठे बक्षीस एकच असेल, तर ९९,९९९ जण निराश होणारच. “इतके दिवस हरलो, आता तरी पाळी येईल,” ही समजूत खोटी आहे. मागची सोडत पुढच्या सोडतीस ठाऊक नसते. दहा हजारांहून अधिक बक्षीस लागले तर शेकडा ३० प्रमाणे आयकर आधीच कापला जातो. मटक्याची गोष्ट तर याहून वाईट, कारण तो बेकायदा आहे. न्यूयॉर्कहून मुंबईस येणाऱ्या कापसाच्या भावांच्या आकड्यांवर पैजा लावण्यातून तो निघाला. १९६० च्या दशकात मडक्यातून चिठ्ठ्या काढू लागले, म्हणून हे नाव पडले. कापूस पिकवणाऱ्यानेच त्या आकड्यापायी घर गमवावे, ही केवढी दुःखाची गोष्ट!

२. आता पाठाकडे वळू. दाखल्यातील धनवानानेही बेत केले. त्याचे पीक खरे होते. दोष पिकात नव्हता. त्याच्या साऱ्या बेतांत “मी” आणि “माझे” एवढेच होते. शेजारी नव्हता, देवही नव्हता. आमच्या तिकीटवाल्याची कोठारे तर अजून न पेरलेल्या पिकाची आहेत.

३. कोणी म्हणेल, “आम्ही तर दान करण्याचे बेत करतो.” येथेच खरा धोका आहे. मनोराज्यात देणे सोपे, कारण थैली आपली नसते. न दिलेले दान दिल्यासारखे वाटून मन तृप्त होते, आणि सुगीची पायलीभर तूर मात्र घरातच राहते. मंदिरातील विधवेने (मार्क १२:४१-४४) मोठ्या रकमेची वाट पाहिली नाही. होते त्यातून दिले.

४. उपदेशक बंधूंनो, अशा मनुष्यास चारचौघांत रागावू नका. त्याचे मनोराज्य ही त्याच्या दुःखांची यादी होय. त्याच्याजवळ बसून ती लिहून काढा, आणि यातले या आठवड्यात काय आरंभिता येईल, असे विचारा. पत्नीसह कर्जाचा खरा आकडा मांडून बँकेत किंवा सहकारी सोसायटीत जाता येईल. लग्नाचा खर्च कमी करता येईल. छप्पर मंडळीच्या श्रमदानाने दुरुस्त होईल. आठवड्याला तिकिटाचे ५० रुपये बचत गटात टाकले तर वर्षाचे २,६०० होतात. एवढ्याने कर्ज फिटणार नाही. परंतु कपाशीच्या बियाण्याची निदान दोन पाकिटे उधारीशिवाय घरी येतील.

तात्पर्य, आशा सोडू नये. ती चिठ्ठीवर ठेवू नये.

मंडळीत विचारण्याचे प्रश्न
१. धनवानाच्या बेतांत कोण विसरले गेले?
२. बक्षीस लागल्यावर करू असे आपण म्हणतो, त्यापैकी कोणते काम आजच थोडेसे करता येईल?
३. कर्जाची गोष्ट घरातील माणसांपासून लपवली तर काय होते?