सर्दी-तापानंतरचा लकवा

इतिहासाच्या विद्यार्थ्याने रक्ताच्या गुठळीवर लिहावे हे काही प्राध्यापकांना खटकेल. परंतु आमच्या वरवट बकालला कोणाला लकवा मारला की कारण ठरलेले असते : "अंगावरून वारं गेलं." आठ दिवस आधी त्याला ताप-खोकला होता काय, हे कोणी विचारीत नाही.

पक्षाघात बहुतांशी मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने होतो. काही रोग्यांत वाहिनीच फुटते. गुठळीची तीन कारणे एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो यांच्या नावाने सांगितली जातात : वाहिनीच्या अस्तराला इजा, मंदावलेला प्रवाह आणि रक्ताचा गोठण्याकडे कल. फ्लू किंवा न्यूमोनियात ही तिन्ही एकदम जुळू शकतात. जंतूंशी लढताना उठलेल्या दाहाने अस्तर दुखावते, यकृत फायब्रिनोजेन जास्त सोडते, प्लेटलेट चिकट होतात. त्यात रोगी अंथरुणाला खिळलेला आणि पाणीही पोटात कमी. जंतूंना कोंडण्यासाठी केलेली नाकेबंदी मग घरच्याच वाटा अडवते.

२००४ साली लंडनच्या लिअम स्मीथ व सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांच्या दप्तरांतील नोंदी तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. श्वसनाच्या संसर्गानंतर पहिल्या तीन दिवसांत पक्षाघाताचे प्रमाण एरवीच्या सुमारे तिप्पट, तर हृदयविकाराच्या झटक्याचे जवळजवळ पाचपट आढळले. पुढे काही आठवड्यांत ते उतरले. तुलना त्याच माणसाच्या इतर दिवसांशी केलेली होती, हे मला विशेष वाटते. कोविडनंतर २०२२ साली स्वीडनमधील नोंदींतून पायातील गुठळीचा धोका तीन महिने, तर फुप्फुसातील गुठळीचा सहा महिने वाढलेला दिसला. अर्थात प्रत्येक सर्दीला भिण्याचे कारण नाही. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि उतारवय असणाऱ्यांनी मात्र जपावे.

१९१८ च्या मानमोडीत मध्यप्रांत-वऱ्हाडातील मृत्यूचे प्रमाण देशात अगदी वरचे होते. खेड्यांतल्या नोंदींत बहुतेकांपुढे नुसते 'ताप' लिहिले जाई. गुठळीने गेलेले त्यातच दडले असणार.

माझ्या मोठ्या काकांना तापातून उठल्यावर चौथ्या दिवशी संध्याकाळी तोंड वाकडे होऊन बोबडी वळली. रात्रभर तेलाने मालिश चालली. सकाळी अकोल्याला नेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "काल रात्रीच आणायला हवं होतं." आज काका काठीने चालतात; सही करीत, ते आता अंगठा उठवतात.

गुठळी विरघळविणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सीटी स्कॅन हवाच, कारण वाहिनी फुटली असल्यास तेच औषध घातक ठरते. म्हणून घरी ॲस्पिरीनही देऊ नये. तोंड वाकडे, एक हात लुळा, शब्द अडखळलेले, यांपैकी एक जरी दिसले तरी १०८ ला फोन करावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. रोगी शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ डॉक्टरांना सांगावी. तास तिथूनच मोजतात.