एकरी १०० टन ऊस : आधी सवयीचा हात आवरा



एकरी १०० टन ऊस घ्यायचा, असे मेळाव्यातून घरी जाताना बरेच जण मनाशी ठरवतात. लागणीच्या दिवशी मात्र पाच फुटांची मोकळी सरी पाहून मन कचरते आणि मधे आणखी एक सरी निघते. माझ्या घरीही हेच झाले. मी एक डोळ्याची रोपे दोन-दोन फुटांवर लावून नोकरीच्या गावी परतलो. पुढच्या सुट्टीत पाहतो तर वडिलांनी मधल्या जागेत टिपऱ्या दाबलेल्या! "एवढं रान मोकळं सोडायला आपण काय इनामदार आहोत का?" हा त्यांचा सवाल.

त्यांचे सगळेच चुकले असे म्हणता येत नाही. पाटाच्या पाण्याची पाळी कधी येईल याचा भरवसा नव्हता, तेव्हा मिळेल तेवढे पाणी शेतात कोंडून घेणे आणि उगवण कमी होणार हे धरून बेणे दाट टाकणे, हाच शहाणपणा होता. पुढे विहिरी, उपसा योजना, ठिबक आले. तयार रोपेही मिळू लागली. हात मात्र अजून पाळीच्या काळातच आहे.

आता हिशोब पाहा. गाळपालायक ऊस सरासरी अडीच किलोचा भरला, तर १०० टनांसाठी एकरी ४०,००० ऊस लागतात. पाच फूट बाय दोन फूट अंतरावर एकरी ४,३५६ रोपे बसतात. म्हणजे प्रत्येक बेटात नऊ-दहा ऊस शेवटपर्यंत टिकले की झाले. दाट लागणीत फुटवे खूप येतात, पण एकमेकांच्या सावलीत बरेचसे मरतात आणि उरलेले बारीक राहतात. मेलेल्या फुटव्यांनी खाल्लेले खत आपल्याच पैशाचे असते. मोकळी जागा डोळ्यांना फारच सलत असेल, तर आडसाली उसात भुईमूग किंवा सोयाबीनचे आंतरपीक घ्यावे. टिपऱ्या दाबू नयेत.

सर्वांत जड जाते ते जेठा कोंब काढणे. जोमाने वर आलेला कोंब आपल्याच हाताने कापायचा, हे कोणाच्याही जिवावर येईल. पण त्याच्या शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन नावाचे संजीवक बुडाच्या डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा गेला की हे डोळे साधारण एकाच वेळी फुटतात आणि बेटातील ऊस एकसारख्या जाडीचे होतात. लागणीनंतर दीड-दोन महिन्यांनी, बुडाशी दोन-तीन फुटवे दिसू लागल्यावर, जमिनीत वाफसा असताना धारदार विळ्याने हा कोंब जमिनीलगत कापावा. फुटवेच नसतील, ओल कमी असेल किंवा खोडकिडीने पोंगे वाळत असतील, तर कापू नये.

कापल्यानंतर आठ-दहा दिवस प्लॉट असा ओकाबोका दिसतो की येणारा-जाणारा बांधावर थांबून विचारतो. अशा वेळी घाबरून जादा पाणी किंवा युरियाची मूठ टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा. नत्राचा ४० टक्क्यांचा हप्ता सहा ते आठ आठवड्यांनी असतोच, तेवढाच द्यावा.

पाण्याचेही तसेच. वरची माती पांढरी दिसली की आपण मोटार सुरू करतो. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही आणि दिलेले खत लागू पडत नाही. सांगली-कोल्हापूरकडे नदीकाठच्या कितीतरी चांगल्या जमिनी याच सवयीने क्षारपड झाल्या. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबून पाहावी. तिचा गोळा होऊन हाताला चिखल लागला, तर पाण्याची पाळी पुढे ढकलावी. गोळा होतो, पण खाली टाकताच फुटतो, म्हणजे वाफसा आहे.

सगळे रान एकदम या पद्धतीखाली आणू नये. निचऱ्याच्या जमिनीत १० गुंठ्यांवर सुरुवात करावी. त्याला सुमारे १,०९० रोपे लागतील, नांग्या भरण्यासाठी थोडी जादा ठेवावीत. मोठ्या बांधणीनंतर चार-पाच ठिकाणी सरीत १० फुटांची दोरी लावून ऊस मोजावेत. सरासरी ४६ च्या आसपास भरली, तर संख्या पुरेशी आहे. पुढचा प्रश्न फक्त वजनाचा. तोडणीच्या वेळी या १० गुंठ्यांची खेप जुन्या प्लॉटमध्ये न मिसळता वेगळी पाठवावी आणि वजनाची पावती जपून ठेवावी. आमच्या वडिलांनी दुसऱ्या वर्षी १० गुंठे दिले, ते याच एका अटीवर.