नदीतले गोटे नकोत हं!

काल फोनवर म्हणालीस ना, मागच्या अंगणात शेकोटीचा कायमचा खड्डा करणार आणि गोदेकाठचे गुळगुळीत गोटे आणून रचणार, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. अगं, मी अगदी हेच करून बसलेय! लाकडं पेटून अर्धा तास झाला नसेल, फाट्‌दिशी एक गोटा फुटला आणि त्याची कपची माझ्या शालीला भोक पाडून गेली. नदीतल्या दगडात पाणी मुरलेलं असतं. ते तापून वाफ झाली आणि तिला वाट मिळाली नाही, की दगड फुटतो. हे घरातून ओरडून विचारतात, "लवंगी लावली का गं?" असा राग आला!

तर गोटे राहू देत, चांगल्या भाजलेल्या विटा आण. खड्डा तीन फूट रुंद, वीतभर खोल पुरे. तळाला चार बोटं खडी. विटा कोरड्याच रच. गवंडी सिमेंटचा आग्रह धरेल, ऐकू नकोस. तुझ्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. बांधलेलं कडं तडकतं, सुटी वीट सरकली तर पायानं नीट करता येते. कडं जमिनीच्या वर दोन थर आण आणि खालच्या थरात तीन-चार ठिकाणी दोन बोटांची फट ठेव. तिथून वारा शिरला नाही तर नुसती धुमसत राहील. आणि आंब्याखाली मुळीच नको, पानं करपतील.

जळण म्हणून द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या मिळतील, वाळल्या की भराभर पेटतात. पण बागेत फवारण्या झालेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यावर खायचं काही भाजू नकोस. कण्हेरीची फांदी तर शेकोटीत टाकूच नकोस, तिचा धूरही विषारी. रंगवलेलं लाकूड, प्लायवूडचे तुकडेही नकोत.

शेजारच्यांना आधी विचारलंस का? त्यांच्याकडे तान्हं बाळ आहे. थंडीत संध्याकाळचा धूर वर जात नाही, जमिनीलगत पसरून राहतो. निफाडकडचे बागायतदार गारठ्यात पहाटे बागेत मुद्दाम शेकोट्या पेटवतात, त्यांना ती ऊब हवीच असते. 2018 च्या डिसेंबरअखेर तिथं पारा दोन अंशांखाली गेला होता, तेव्हा घडासाठी रात्र जागवणं समजू शकतं. आपली हौस आहे, साडेनऊला पाणी ओतायचं. ओतून काठीनं ढवळ, पुन्हा ओत. वरून विझलेली राख आतून निखारा जपते.

पावसाळ्यात वर पत्रा झाक, नाहीतर डासांचं तळं होईल.

खरं सांगू? मला तुझ्या खड्ड्यापेक्षा आजोळच्या आगटीची आठवण जास्त येतेय. ना वीट, ना खडी. शेतात हातभर खड्डा, गोवऱ्यांचा विस्तव, त्यात खुपसलेली ज्वारीची कणसं, आणि मामी गरम कणीस तळहातावर चोळून हुरडा पुढ्यात टाकायची. हात भाजायचे, पण थांबायची नाही.

कोवळी कणसं आली की मीच घेऊन येते. गोवऱ्या मात्र तू बघून ठेव.