कोरडा कागद

(तोंडावर काचेचा मुखवटा आणि श्वास घेण्यासाठी नळी लावून पाण्यावर पालथे तरंगायचे व खालचे मासे, प्रवाळ पाहायचे, याला 'स्नॉर्केलिंग' म्हणतात. तेथील फोटो काढायचे असतील, तर कोणता कॅमेरा घ्यावा? थोड्या पैशांत तो कसा निवडावा? एका विद्यार्थ्याने आपला अनुभव या पाठात सांगितला आहे.)

डिसेंबरच्या सुट्टीत मामूंबरोबर मालवणला जायचे ठरले. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या समुद्रात स्नॉर्केलिंग करायला मिळणार होते. मला आनंदाने रात्री झोप येईना. पाण्याखालचे फोटो काढून आणायचे आणि वर्गात सर्वांना दाखवायचे, असे मी मनाशी ठरवून टाकले.

पण कॅमेरा कोठून आणायचा? माझ्याजवळ ईदीचे आणि साठवलेले मिळून चार हजार दोनशे रुपये होते. तेवढ्यात बाजारात मला एक पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी दिसली. फोन त्या पिशवीत ठेवायचा आणि खुशाल पाण्यात न्यायचा, असे दुकानदार म्हणाला. किंमत फक्त अडीचशे रुपये! मी ती लगेच घेतली आणि घरी येऊन आपाला म्हणालो, "आपा, तुझा फोन मला दोन दिवस देशील?"

आपा लग्नसराईत मेंदी काढायला जाते. तिची सगळी कामे त्या फोनवरच ठरतात. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "देईन, पण आधी मामूंना विचार."

मामूंचा नागपाड्यात लहानसा फोटो स्टुडिओ आहे. त्यांनी पिशवी उलटसुलट करून पाहिली. मग तिच्यात फोनऐवजी कागदाचा एक पातळ रुमाल आणि एक दगड घातला. तोंड नीट बंद केले आणि पिशवी पाण्याने भरलेल्या बादलीत सोडली.

"आता तासाभराने पाहू," ते म्हणाले.

तासाभराने पिशवी बाहेर काढली. तिचा एक कोपरा आतून ओला झाला होता. कागद भिजून लगदा झाला होता. ते पाहून माझ्या तोंडचे पाणी पळाले. कागदाच्या जागी आपाचा फोन असता तर?

"सगळ्याच पिशव्या गळतात असे नाही," मामू म्हणाले. "पण कोणती गळणार, हे पाण्यात बुडवल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधी कागद, मग वस्तू."

"पण मामू, काही फोन पाण्यात खराब होत नाहीत, असे म्हणतात ना?"

"काही फोनवर तसा दर्जा लिहिलेला असतो. परंतु ती चाचणी गोड्या आणि स्थिर पाण्यात, फोन नवा असताना केलेली असते. समुद्राचे पाणी खारे असते. ते फोनच्या बारीक छिद्रांत सुकले, की मीठ मागे राहते आणि धातू गंजतो. शिवाय पाण्यात पडद्याला बोट लावले, तर तो नीट ऐकतही नाही."

मी हिरमुसलो. तेव्हा मामूंनी मला जवळ बसवले आणि पाण्याखालच्या कॅमेऱ्याची जुनी गोष्ट सांगितली.

"१८५६ साली इंग्लंडमध्ये वेमथ येथे विल्यम थॉमसन नावाच्या गृहस्थाने एका पेटीत कॅमेरा ठेवून तो समुद्रात सोडला. त्या पेटीतही पाणी शिरले होते! पुढे १८९३ मध्ये लुई बूताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने फ्रान्सच्या किनाऱ्यावर स्वतः पाण्यात उतरून फोटो काढले. तेव्हा बेटा, पाणी आत शिरणे ही या कलेतली पहिल्या दिवसापासूनची अडचण आहे. तुझ्या एकट्याची नाही."

मग त्यांनी एका कागदावर तीन प्रश्न लिहिले :

१. किती खोल जाणार?
२. कशाचे फोटो काढणार?
३. पाणी शिरले, तर काय गमावणार?

"या तीन प्रश्नांची उत्तरे दे. मग कॅमेरा आपोआप सापडेल," ते म्हणाले.

मी विचार करू लागलो. स्नॉर्केलिंग करताना मी जीवरक्षक जाकीट घालणार होतो. त्यामुळे मी बुडणार नव्हतो, तसा खोलही जाऊ शकणार नव्हतो. हात खाली केला, तरी कॅमेरा फार तर एक मीटर खाली जाणार. मग तीस मीटर खोल चालणाऱ्या महाग कॅमेऱ्याचा मला काय उपयोग? दुसरे उत्तर सोपे होते : मासे आणि प्रवाळ. तिसऱ्या उत्तराने मात्र आपाचा फोन यादीतून कायमचा बाहेर पडला.

आता चार प्रकार उरले. मामूंनी प्रत्येकाचे गुणदोष समजावून सांगितले.

पहिला प्रकार, फिल्म असलेला एकदाच वापरायचा कॅमेरा. तो जलरोधक प्लॅस्टिकच्या खोक्यात येतो. गळला तरी नुकसान थोडे. पण फोटो मोजकेच निघतात, बहुधा सत्तावीस. ते कसे आले, हे फिल्म धुतल्याशिवाय कळत नाही. धुण्याचा खर्च वेगळाच.

दुसरा प्रकार, पाण्यासाठीच बनवलेला छोटा मजबूत कॅमेरा. तो वेगळ्या डब्याशिवाय दहा-पंधरा मीटर खोल जातो. फोटो सुंदर येतात. परंतु माझ्या पैशांत तो बसत नव्हता.

तिसरा प्रकार, नवा 'ॲक्शन कॅमेरा'. हा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा असतो. तोही महाग होता.

चौथा प्रकार, जुना वापरलेला ॲक्शन कॅमेरा. पूर्वीच्या अशा कॅमेऱ्यांना पारदर्शक डबा लावावा लागे. हा डबाच पाणी बाहेर ठेवतो. "जुना कॅमेरा चालेल," मामू म्हणाले, "डबा मात्र चांगला हवा."

दुसऱ्या दिवशी आम्ही फोर्टमधल्या बोरा बाजारात गेलो. तेथे कॅमेऱ्यांची पुष्कळ दुकाने आहेत. एका दुकानात डब्यासह जुना ॲक्शन कॅमेरा तीन हजार तीनशे रुपयांना मिळाला. मामूंनी आधी डब्याचे दार उघडून त्याच्या कडेची रबरी कडी पाहिली. ती एके ठिकाणी चिरलेली होती. त्यांनी तिथल्या तिथे नवी कडी बसवून घेतली.

"या कडीवर एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला, तरी तेवढ्या फटीतून पाणी आत येते," ते म्हणाले.

उरलेल्या पैशांतून मी मनगटाला बांधायचा केशरी तरंगता पट्टा घेतला. कॅमेरा हातातून सुटला, तर पट्ट्यामुळे तो तळाशी जाणार नाही आणि लांबूनही दिसेल.

घरी आल्यावर पुन्हा तीच परीक्षा झाली. रिकाम्या डब्यात कागद घातला आणि वर दगड ठेवून तो रात्रभर बादलीत बुडवला. सकाळी मी धावत जाऊन डबा उघडला. कागद कोरडा होता!

अखेर तो दिवस उजाडला. कोकण रेल्वेने आम्ही कुडाळला उतरलो आणि तेथून मालवणला गेलो. समोर समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला दिसत होता. येथील समुद्राचा काही भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. पावसाळ्यात येथे पाणी गढूळ आणि खवळलेले असते. हिवाळ्यात ते निवळते.

होडीत मी डब्यात कॅमेरा ठेवू लागलो. मामूंनी माझा हात धरला. "बादलीतले पाणी शांत असते, समुद्राला लाटा असतात. पहिल्यांदा रिकामा डबा ने."

मला ते अगदी जिवावर आले. पण मी कागद घातलेला डबा मनगटाला बांधून पाण्यात उतरलो. दहा मिनिटांनी वर आलो. डबा पुसला, वाळवला आणि उघडला. कागद कोरडाच होता. मग मात्र मी कॅमेरा आत ठेवला आणि दर दोन सेकंदांनी आपोआप एक फोटो निघेल, अशी कळ लावली.

खाली वेगळीच दुनिया होती. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे प्रवाळांभोवती फिरत होते. मास्कच्या काचेतून पाहताना पाण्यातली वस्तू खऱ्यापेक्षा जवळ आणि मोठी भासते. म्हणून मामूंनी बजावले होते, 'जवळ आलो असे वाटले, तरी आणखी जवळ जा. मधले पाणी जितके कमी, तितका फोटो स्वच्छ.' पाणी प्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते. त्यामुळे लांबच्या वस्तू निळ्या-हिरव्या दिसत होत्या. पाण्यातले कण चमकू नयेत, म्हणून आम्ही फ्लॅशचा विचारच केला नव्हता. दुपारचा सूर्य पाठीमागे होता. तोच आमचा दिवा.

एका खडकाजवळ एक सुंदर मासा थांबला होता. लाटेमुळे माझा हात हलत होता. आधारासाठी मी प्रवाळाला धरणार, इतक्यात सोबतच्या वाटाड्या भाऊंनी हाताने 'नाही' अशी खूण केली. मी हात मागे घेतला. मासा निघून गेला.

वर आल्यावर ते म्हणाले, "बाळा, प्रवाळ म्हणजे दगड नाही. लहान लहान जिवांनी बांधलेले ते घर आहे. ते फार हळूहळू वाढते. एक फोटो गेला तर दुसरा मिळेल. मोडलेले प्रवाळ तुझ्या-माझ्या डोळ्यांदेखत उभे राहणार नाही." प्रवाळांना कायद्याचेही संरक्षण आहे, हे मला तेव्हाच कळले.

किनाऱ्यावर आल्यावर बंद डबा अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवून ठेवला. नीट पुसला. वाळूपासून दूर, खोलीत गेल्यावरच उघडला.

त्या दिवशी तीनशेहून अधिक फोटो निघाले होते. कित्येकांत माझाच अंगठा होता, कित्येकांत नुसते बुडबुडे. चांगले निघाले फक्त सहा. त्यांतल्या एकात पट्ट्यांचा मासा थेट माझ्याकडे पाहत आहे.

तो फोटो मी सर्वांत आधी आपाला पाठवला. लगेच तिचे उत्तर आले, "छान! आणि माझा फोनही कोरडा आहे, हे लक्षात असू दे."

शब्दार्थ

पृष्ठभाग – वरचा भाग
प्रवाळ – पोवळे; समुद्रातील सूक्ष्म जिवांची वसाहत
पारदर्शक – ज्यातून आरपार दिसते असे
जलरोधक – पाणी आत येऊ न देणारे
गढूळ – माती मिसळल्याने अस्वच्छ झालेले
निवळणे – स्वच्छ होणे
वाटाड्या – वाट दाखवणारा
अभयारण्य – प्राणी, वनस्पती यांना संरक्षण असलेली जागा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आपा फोनचा उपयोग कशासाठी करत असे?
(आ) मामूंनी पिशवीत काय ठेवले?
(इ) तरंगता पट्टा का घेतला?
(ई) मालवणचे सागरी अभयारण्य कोणत्या साली घोषित झाले?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जलरोधक म्हटलेला फोनही समुद्रात नेणे धोक्याचे का आहे?
(आ) लेखकाने महाग कॅमेरा का घेतला नाही?
(इ) समुद्रातून आल्यावर डब्याची काळजी कशी घेतली?

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "आधी कागद, मग वस्तू."
(आ) "प्रवाळ म्हणजे दगड नाही."

प्र. ४. वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
तोंडचे पाणी पळणे, जिवावर येणे, हिरमुसणे

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
कोरडा, महाग, गढूळ, जवळ, खारे

उपक्रम : घट्ट झाकणाचे तीन डबे घ्या. प्रत्येकात कागद ठेवून ते एक तास पाण्यात बुडवा. कोणता कागद कोरडा राहिला आणि का, ते पाच ओळींत लिहा.