परीक्षेची धास्ती आणि मनातली वाक्ये



आपल्या कडा भागात दोन हंगाम एकदमच येतात. शिवारात ऊसतोड चालू असते आणि त्याच फेब्रुवारी-मार्चात दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. तोडीच्या धावपळीत घरातलं पोरगं पुस्तक उघडं ठेवून नुसतंच बसलंय, जेवणावर वासना नाही, रात्री दचकून उठतंय, हे ध्यानात यायला उशीर होतो. म्हणून या वेळी ऊस बाजूला ठेवून आम्ही हा पाठ देत आहोत.

धास्ती कशी वाढते, ते आपल्याच अनुभवावरून पाहू. तोडीची चिठ्ठी लांबली की मनात येते, ऊस वाळणार, वजन घटणार, सोसायटीचे कर्ज थकणार, चारचौघांत नाचक्की होणार. ऊस अजून फडात उभाच असतो, पण मन पार जप्तीपर्यंत जाऊन पोचते. पोराचेही तसेच. एक गणित अडले की 'पेपर गेला', मग 'नापास', मग 'बापाला तोंड कसं दाखवू?' अडलेले गणित असते दोन-चार गुणांचे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. प्रा. कि. मो. फडके यांनी ती मराठी माणसांपर्यंत पोचवली. तिचे सार सोपे आहे. घटनेपेक्षा, घटनेबद्दल आपण मनात जे वाक्य म्हणतो तेच आपल्याला जास्त हलवते. 'चांगले गुण मिळावेत' ही झाली इच्छा. 'मिळालेच पाहिजेत, नाहीतर मी कुचकामी' हा झाला हट्ट. 'तोड लवकर यावी' म्हणणारा शेतकरी गट ऑफिसात जाऊन चौकशी करतो. 'आलीच पाहिजे, नाहीतर मेलो' म्हणणारा रात्रभर कूस बदलतो. काळजी दोघांनाही आहे, पण कामाला लावते ती पहिल्याची.

आता हा विचार काढायचा कसा? दाबून तो जात नाही. औषध घेताना माकड आठवायचं नाही, असं सांगितलं की नेमकं माकडच आठवतं. 'टेन्शन घेऊ नको' या सांगण्याचेही तेच होते. त्यापेक्षा पुढील गोष्टी मुलांकडून करून घ्याव्यात.

१) भीती लिहून काढणे. पेपरच्या आधी दहा मिनिटे, मनात जे येते ते कागदावर लिहावे. शुद्धलेखन पाहू नये, कोणाला दाखवू नये. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली असा प्रयोग प्रसिद्ध केला. परीक्षेला घाबरणाऱ्या मुलांना त्याचा फायदा झालेला दिसला. उत्तर जुळवताना डोक्यात जी जागा लागते, तीच जागा काळजी अडवून बसते.

२) वाक्याला उत्तर देणे. 'नापास झालो तर सगळं संपलं' यासमोर लिहावे, 'वाईट वाटेल, पण जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा असते.' खोटा धीर लिहू नये. 'मला पहिलाच नंबर मिळणार' हे मनाला पटत नाही. खरे तेवढेच लिहावे.

३) पेपरात अडल्यास पेन खाली ठेवावे. श्वास सावकाश घ्यावा, त्याहून सावकाश सोडावा, असे पाच-सहा वेळा करावे. मग 'हा नुसता विचार आहे, निकाल नव्हे' असे मनात म्हणून येत असलेला प्रश्न आधी सोडवावा. प्रश्नाचा क्रमांक तेवढा बरोबर टाकावा. २०२३ पासून मंडळाने पेपरच्या शेवटी दहा मिनिटे वाढवून दिली आहेत. राहिलेल्या प्रश्नाला ती उपयोगी पडतात.

४) हा सराव घरच्या सराव-पेपरातच करावा. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करून भागत नाही.

आता थोडे आपल्याविषयी. पोराच्या मनातली पुष्कळशी वाक्ये आपल्याच ओसरीवरची असतात. 'तुझ्यापायी एवढा पैसा घातला', 'चुलत्याचा पोरगा बघ', 'नाहीतर ऊस तोडायला जा' ही वाक्ये मुले पेपरात बरोबर घेऊन बसतात. शिवाय ऊस तोडून घर चालवणारी माणसे आपल्याच भागातली आहेत. त्यांच्या कष्टाचा धाक घालणे शोभत नाही. त्याऐवजी 'आज काय अडलं?' एवढं विचारावं. पेपरहून आल्यावर गुणांचा हिशेब न मांडता आधी जेवायला वाढावं.

एक गोष्ट मात्र अंगावर काढू नये. मूल बरेच दिवस झोपत-जेवत नसेल, गप्प झाले असेल किंवा 'जगून काय करू?' असे बोलले, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे सोडू नये, रागावू नये, फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सरकारची 'टेलि-मानस' ही फोनसेवा २०२२ साली सुरू झाली. तिचा नंबर १४४१६ असून फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही करता येतो. हा नंबर घरात दिसेल अशा जागी लिहून ठेवावा, अशी सर्व सभासदांना आमची विनंती आहे.