पाणाड्याची फांदी आणि भूगर्भातील पाणी

विहीर खणावयाचे ठरले की पुष्कळ शेतकरी प्रथम पाणाड्यास बोलावितात. तो बेचक्याची ओली फांदी दोन्ही हातांत ताणून धरतो किंवा तळहातावर नारळ ठेवून शेतातून फिरतो. फांदी वळली अथवा नारळ उभा राहिला म्हणजे तेथे पाणी आहे, असे समजतात. परंतु एवढ्या संकेतावर कर्ज काढावे काय, याचा विचार अवश्य व्हावयास हवा.

फांदी वळते हे खरे. परंतु ती पाण्यामुळे वळत नाही. ताणलेल्या फांदीस हाताची नकळत झालेली अल्प हालचालही पुरते. अशा अजाणत्या हालचालींचे विवरण विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८५२ मध्येच केले होते. म्हणून पाणाड्यास लबाड समजण्याचे कारण नाही. त्याचाही फांदीवर विश्वास असतो. युरोपातही ही प्रथा जुनी आहे. जर्मनीतील कासेल येथे १९९० मध्ये सुमारे ३० पाणाड्यांची परीक्षा झाली. पुरलेल्या नळातून पाणी वाहते आहे की नाही, एवढेच ओळखावयाचे होते. त्यांचे यश नाणेफेकीहून अधिक ठरले नाही.

मग त्यांनी दाखविलेल्या काही जागी पाणी लागते कसे? अनेक ठिकाणी ते कोठेही खणले तरी थोडेफार लागतेच. शिवाय अनुभवी पाणाड्याची नजर सखल जागा, ओढ्याचे वळण व उन्हाळ्यातही हिरवी राहणारी झाडे हेरते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील दकार्गल प्रकरणातही वृक्ष, वारुळे इत्यादी खुणा दिल्या आहेत. लागलेल्या विहिरीची कीर्ती गावभर होते. कोरडी गेलेली विस्मरणात जाते.

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा आहे. अखंड पाषाणात पाणी जवळजवळ नसते. ते मुरमात, भेगांत व सच्छिद्र मांजऱ्या खडकात साठते. म्हणून जागेची निवड महत्त्वाची ठरते.

शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. शेजारच्या विहिरींतील थर व वैशाखातील पाण्याची पातळी पाहावी.

२. पाणाड्यास बोलाविलेच, तर त्याने दाखविलेली जागा नोंदवून ठेवावी. डोळे बांधून त्यास पुन्हा फिरवावे व तीच जागा येते काय, ते पाहावे.

३. खर्चापूर्वी १९७२ मध्ये स्थापन झालेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्यावा.

शास्त्रीय पाहणीही क्वचित चुकते. परंतु तिची कारणे तपासता येतात व पुढील विहिरीस त्यांचा उपयोग होतो. फांदी चुकली तर हाती केवळ कर्ज उरते.